मल्हारराव गायकवाड आणि पेल्यातला सोमल

शाळेत इतिहासाच्या तासाला आपल्याला बडोद्याचे सयाजीराव गायकवाड भेटले. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारे, बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे या खेड्यातला बारा वर्षांचा गोपाळराव एकाएकी बडोद्याचा राजा झाला, हेही आपण वाचले. पण त्याच्या आधी गादीवर कोण होते आणि ते कुठे गेले, हे परीक्षेत कधी विचारले गेले नाही. ते होते मल्हारराव गायकवाड. त्यांची गादी गेली त्या प्रकरणाच्या मुळाशी पपनसाच्या सरबताचा एक पेला होता.

स्मरणिकेसाठी विज्ञानावर लेख हवा असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मी हाच विषय घेतला. आज गुन्ह्यांच्या तपासात मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने मोठी क्रांती केली आहे. ते यंत्र काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे मल्हाररावांच्या आयुष्याइतके स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मला मराठी इतिहासात दिसले नाही.

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. बडोद्याचे दुसरे सयाजीराव हे त्यांचे वडील. थोरले भाऊ गणपतराव १८४७ मध्ये गादीवर आले, ते १८५६ मध्ये वारले. मग दुसरे भाऊ खंडेराव राजे झाले. धाकट्या मल्हाररावांच्या वाट्याला राजवाड्यातली वाट पाहणी आली. १८६३ मध्ये खंडेरावांना ठार मारण्याच्या कटात सामील असल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि बडोद्याजवळच्या पादरा येथे त्यांना कैदेत ठेवण्यात आले. ऐन तिशीतली सात वर्षे तिथे गेली. राज्यकारभार शिकण्याच्या वयात ते कोठडीत होते, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या चुका मोजताना विसरू नये.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले. त्यांना मुलगा नव्हता, पण राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर मल्हाररावांची, असे ठरले. बाळंतपण होईपर्यंत जमनाबाई इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या आश्रयाला राहिल्या. जुलै १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि पादऱ्याचा कैदी कायमचा महाराज झाला. जमनाबाई पुढे पुण्याला जाऊन राहिल्या. हे बाईंचे डाव पुढे महत्त्वाचे ठरणार होते.

मल्हाररावांचा कारभार चांगला नव्हता. खंडेरावांच्या माणसांवर त्यांनी सूड उगवला. जुने दिवाण भाऊ शिंदे १८७२ मध्ये कैदेतच मरण पावले आणि त्यांना विष दिल्याची बोलवा झाली. सरदारांची वतने गेली, सावकार नागवले गेले, शेतकऱ्यांवरची वसुली जड झाली. खजिन्याची अशी स्थिती असताना सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या. मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे रेसिडेंट म्हणून बडोद्याला आले. स्वभावाने तापट, आणि महाराजांविरुद्ध आलेली प्रत्येक तक्रार उचलून धरणारे. त्यांच्या अहवालांवरून सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. मंडळाने बऱ्याच तक्रारी खऱ्या धरल्या. सरकारने महाराजांना कारभार सुधारण्यासाठी १८७५ अखेरपर्यंत मुदत दिली.

मल्हाररावांनी या वेळी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी दादाभाई नौरोजींना दिवाण केले. दादाभाईंनी शिस्त आणायला सुरुवात केली, पण रेसिडेंट फेअर त्यांच्या नेमणुकीच्याच विरोधात होते. एका म्यानात दोन तलवारी राहिनात. शेवटी २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता लिहून फेअर यांची बदली मागितली.

एका आठवड्याने, ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी, फेअर फिरून परत आले. नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी पपनसाचे सरबत ठेवलेले होते. दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना मळमळू लागले. त्यांनी उरलेले सरबत बाहेर फेकले, तेव्हा पेल्याच्या तळाशी काळसर गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला. मग नमुना मुंबईला सरकारी रासायनिक परीक्षकाचे काम पाहणाऱ्या डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. उत्तर आले: पांढरा सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, आणि हिऱ्याची पूड.

सोमल हे त्या काळचे सर्वात सोयीचे विष. रंग नाही, वास नाही, चव जवळजवळ नाही, आणि लक्षणे पटकीसारखी. युरोपात कित्येक खून यामुळे पचले. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्यावर उपाय काढला. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घातले की सोमलापासून एक वायू तयार होतो. तो वायू तापलेल्या काचेच्या नळीतून नेला की नळीच्या आतल्या बाजूला काळा चकचकीत थर बसतो. १८४१ मध्ये राइन्शने तांब्याची पट्टी वापरून आणखी सोपी परीक्षा शोधली. १८७४ पर्यंत या परीक्षा सरकारी डॉक्टरांच्या हातच्या झाल्या होत्या. हिऱ्याची पूड ओळखणे त्या मानाने सोपे. ती आम्लात विरघळत नाही आणि काचेवर ओरखडे काढते. हिरकणी पोटात गेली की आतडी कापली जातात, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, विष नव्हे. म्हणजे पेला भरणाऱ्याने सोमल अनुभवावरून निवडला होता आणि हिरा ऐकीव गोष्टीवरून.

इथवर विज्ञानाचे काम चोख झाले. पुढचे काम माणसांचे होते.

फेअर यांची बदली झाली, त्यांच्या जागी सर लुई पेली आले. तपासासाठी मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुली दिली की, महाराजांच्या सांगण्यावरून आणि पैशांच्या लोभाने आपण हे केले. घटनेला महिना उलटून गेल्यावर, डिसेंबरात, मुंबई पोलिसांतल्या अकबर अलीला रावजीच्या पट्ट्यात एक पुडी सापडली. तीही डॉ. ग्रे यांच्याकडे गेली. तिच्यातही सोमल निघाला. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनी सोमल आणि हिरे आपणच मिळवून दिले असे सांगितले. रावजी आणि दामोदरपंत या दोघांनाही माफीचे वचन मिळालेले होते.

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली. दादाभाईंनी त्याच सुमारास दिवाणपद सोडले होते. २३ फेब्रुवारीला बडोद्यात चौकशी सुरू झाली. सहा जणांचे मंडळ होते: बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच अध्यक्ष, त्यांच्यासोबत मीड आणि मेल्विल हे दोन इंग्रज अधिकारी, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. एका संस्थानिकाचा न्याय करायला दोन संस्थानिक बसले होते. महाराजांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाइन हे इंग्लंडचे नामांकित वकील बोलावले गेले. सरकारची बाजू मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल यांनी मांडली.

बॅलंटाइन यांनी सोमलाशी वाद घातला नाही. पेल्यात विष होते की नव्हते, यावर त्यांचा भर नव्हता. त्यांचा सगळा हल्ला होता तो साखळीवर. पेला किती वेळ उघडा होता आणि तिथे कोण कोण जाऊ शकत होते? पट्ट्यातली पुडी इतक्या दिवसांनी आणि तीही पोलिसाच्याच हाती कशी लागली? माफीच्या बोलीवर बोलणारे साक्षीदार कितपत खरे? पोलिसांच्या ताब्यात दिवस काढलेल्या माणसांची कबुली किती धरायची? या प्रश्नांची उत्तरे मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हती.

निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले. शिंदे, जयपूरकर आणि दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झाला असे मानले नाही. सहाही जणांसमोर डॉ. ग्रे यांचा अहवाल तोच होता. पण त्या अहवालापासून महाराजांपर्यंत जाण्याचा रस्ता तिघांना पक्का वाटला आणि तिघांना वाटला नाही.

एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. मात्र विषप्रयोग सिद्ध झाला म्हणून काढले, असे सरकारने म्हटले नाही. कारण दिले ते गैरकारभाराचे. सुधारणेसाठी दिलेल्या मुदतीचे आठ महिने अजून शिल्लक होते. महाराजांना मद्रासला नेण्यात आले. २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि सयाजीराव तिसरे गादीवर बसले. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासलाच वारले. पादऱ्याच्या कैदेतून सुरू झालेली कहाणी मद्रासच्या नजरकैदेत संपली. मध्ये राज्य करायला मिळाली जेमतेम साडेचार वर्षे.

आता कल्पना करा की तो पेला आज सापडला आहे.

मास स्पेक्ट्रोमीटरचे तत्त्व सोपे आहे. पदार्थाच्या कणांना विद्युतभार द्यायचा आणि ते विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून सोडायचे. हलका कण जास्त वळतो, जड कण कमी वळतो. वारा घालून धान्य उपणताना दाणा जवळ पडतो आणि भूस लांब उडते, तसेच समजा. कोण किती वळले यावरून प्रत्येक कणाचे वजन कळते. जे. जे. थॉमसन यांनी पाया घातला, त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला मास स्पेक्ट्रोग्राफ उभा केला आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. १९५० च्या दशकात या यंत्राला गॅस क्रोमॅटोग्राफ जोडला गेला. हा जोडीदार मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे काढतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाची ओळख पटवतो. तिथून गुन्हे तपासणीचे रूपच बदलले. औषधे, अमली पदार्थ, कीटकनाशके, आगीच्या जागी सापडलेल्या रॉकेल-पेट्रोलच्या खुणा, सगळे एकाच पद्धतीच्या कक्षेत आले.

सोमलासाठी आज वापरतात त्या यंत्रात नमुना आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. तिथले तापमान हजारो अंशांचे. सगळे रेणू फुटून अणू उरतात आणि मग अणूंचे वजन मोजले जाते. आर्सेनिकचे वजन ७५. अब्जावधी भागांत एक भाग असला तरी तो दिसतो. मार्शच्या परीक्षेला नमुन्याचा मोठा भाग खर्ची घालावा लागे, इथे थेंबभर पुरतो. पण इथेही डोळसपणा लागतो. आर्गॉनचे वजन ४०, क्लोरीनचे ३५. दोघे चिकटले की बेरीज ७५ होते आणि यंत्राला तो आर्सेनिकच वाटतो. पोटातल्या नमुन्यात मीठ असतेच, म्हणजे क्लोरीनही असते. म्हणून यंत्रात अशा जोड्या फोडण्याची किंवा गाळण्याची वेगळी सोय करावी लागते. शिवाय मासे-खेकड्यांतही आर्सेनिक असते, पण ते बहुतांशी निरुपद्रवी रूपातले. विषारी रूप आणि जेवणातले रूप वेगळे काढून मोजले नाही, तर रात्री मासे खाल्लेल्या माणसावर विषप्रयोग झाला असा निष्कर्ष निघू शकतो.

आज डॉ. ग्रे असते तर त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या असत्या. पेल्यातला सोमल आणि पट्ट्यातल्या पुडीतला सोमल यांत शिसे, अँटिमनी अशा इतर धातूंचे अंश किती आहेत हे मोजून, दोन्ही एकाच साठ्यातले असू शकतात की नाहीत, हे तपासले असते. आणि फेअर यांचे केस मागवले असते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि रक्तातला आर्सेनिक त्यात अडकून राहतो. केसाचा तुकडा-तुकडा तपासला की विष आधीही दिले होते का, याचा अंदाज येतो. हे दोन कागद मंडळासमोर असते तर सहा जणांचा वाद कदाचित बराच आटोपशीर झाला असता.

पण मिटला असता का? समजा दोन्हीकडचा सोमल एकाच साठ्यातला निघाला. सरकारी वकील म्हणाले असते की रावजीने पट्ट्यातलाच सोमल पेल्यात घातला. बॅलंटाइन म्हणाले असते की ज्याने पेल्यात घातला त्यानेच पट्ट्यातही ठेवला. यंत्राला पुडीतले कण दिसतात. पुडी ठेवणारा हात दिसत नाही, आणि त्या हातामागचा हुकूम तर नाहीच.

याच्या उलट प्रकरणही महाराष्ट्राने पाहिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याची एक श्रीमंत विधवा आपल्या ओळखीच्या डॉक्टरसोबत रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाली. पहाटे ती बेशुद्धावस्थेत मुंबईच्या इस्पितळात पोचली आणि त्याच दिवशी वारली. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. तरी डॉक्टरने खोटे नाव सांगणे, मृत्यू लपवणे आणि तिची मालमत्ता गिळणे या साखळीवरून त्याला फाशीची शिक्षा झाली. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या नावाने हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. बडोद्यात विष सापडले पण दोषाबद्दल एकमत झाले नाही. पुण्याच्या खटल्यात विष सापडले नाही तरी दोष सिद्ध झाला. रसायन आणि साखळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन निकालांतून दिसते.

माझे काम सॉफ्टवेअरचे. मास स्पेक्ट्रोमीटरच्या शेवटी एक संगणक असतो. तो समोर आलेला आलेख लाखो ज्ञात पदार्थांच्या आलेखांशी ताडून पाहतो आणि जवळची नावे सुचवतो. सुचवतो एवढेच, ठरवतो प्रशिक्षित माणूस. आणि या सगळ्याच्या आधी एक साधी नोंद लागते: नमुना कोणी घेतला, किती वाजता घेतला, सील कोणी केला, कोणाच्या हाती दिला. आमच्या क्षेत्रात अशा नोंदीला लॉग म्हणतात. तो अर्धवट असेल तर कितीही महागडी यंत्रणा असली तरी निकालावर भरवसा ठेवता येत नाही. मल्हाररावांच्या खटल्यात तोटा नेमका याच नोंदीचा होता.

आपल्या वऱ्हाडाला हा विषय परका नाही. मूर्तिजापूर असो की दर्यापूर, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात कीटकनाशकाची बाटली घरोघर असते. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. विषाने मृत्यू झाला की पेपरात एक वाक्य ठरलेले असते, व्हिसेरा राखून ठेवला. तो व्हिसेरा अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातो. आत्महत्या, अपघात की घातपात, विम्याचा दावा टिकणार की नाही, सून-सासऱ्यावर गुन्हा राहणार की सुटणार, हे सगळे त्या अहवालाकडे डोळे लावून बसलेले असते. अहवाल यायला वेळ लागतो. पण गाव तोवर थांबत नाही. पारावर निकाल दुसऱ्याच दिवशी लागलेला असतो.

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, पोलीस खात्यात गेलेले आहेत, गावचे सरपंच आहेत, आणि आपल्याला शिकवणाऱ्या गुरुजनांचा शब्द तर गावात आजही चालतो. असा प्रसंग आला तर दोन गोष्टी लोकांना सांगा. पहिली, उलटी झालेले भांडे, बाटली, पेला धुवू नका, फेकू नका. पोलीस येईपर्यंत जसेच्या तसे ठेवा आणि कोणी हात लावला ते लिहून ठेवा. फेअर यांनी सरबत बाहेर फेकले आणि पुराव्याचा मोठा भाग तिथेच गेला. दुसरी, अहवालात विषाचे नाव आले म्हणजे माणसाचे नाव आले असे समजू नका. मल्हारराव दोषी होते की निर्दोष, हे दीडशे वर्षांनंतरही खात्रीने सांगता येत नाही. त्यांच्याकडे निदान लंडनचा वकील होता आणि निकाल द्यायला सहा माणसे होती. आपल्या गावातल्या संशयिताकडे बहुधा यांतले काहीच नसते.